कृपया लाइनवर राहा

सासऱ्यांनी जावयाला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. तोवर व्हायोलिनवर वर्षभर टिकेल असं एखादं काम मिळालं तर ठीक, नाहीतर नव्या वर्षापासून त्यांच्या टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. हे त्यांनी रागावून सांगितलं नव्हतं. ते दर सांगितल्यासारखं बोलत आणि त्यात घासाघीस चालत नसे.

जावई स्वतःच्या धुना स्वतः बांधायचा, स्वतःच रेकॉर्ड करायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकायचा. मेहुण्याने या प्रश्नात लक्ष घातलं. मेहुणा सध्या घरीच असल्यामुळे दुसऱ्यांच्या उत्पन्नाचा विचार करायला त्याला भरपूर सवड होती.

"भावोजी, नुसत्या धुना विकून आजवर कोणाचं भागलंय?" तो म्हणाला. "कमाईला चार वाटा पाहिजेत."

चारपैकी तीन वाटा लवकरच संपल्या. घरबसल्या शिकवणी सुरू केली, तर एकच विद्यार्थी आला आणि दुसऱ्याच दिवशी 'माझं व्हायोलिन विकत घेता का' म्हणून विचारू लागला. धुनांची नावं छापलेले कप वादकाच्या आईने घेतले आणि भेट म्हणून सुनेलाच परत दिले. वाढदिवसाला घरी येऊन वाजवण्याच्या योजनेत त्याला एका घरी 'केक कापला की बोलावतो' म्हणून स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळे विसरून गेले. चौथी वाट मात्र कुठेतरी पोचली. मेहुण्याचा मित्र पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीत होता. तिथे तक्रारीसाठी फोन करणाऱ्यांना थांबवून ठेवताना वाजवायला संगीत हवं होतं. पसंत पडलं तर वर्षाचा करार होणार होता.

थांबवलेल्या माणसाला जे वाजवतात ते कोणी ऐकत नसतं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. वादकाला ती कोणी सांगितली नव्हती. त्याने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली धून बांधली. ती खालच्या सुरात सुरू व्हायची, थोडी वर चढायची, काहीतरी विसरल्यासारखी मागे वळायची, पुन्हा चढायची, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की चौथ्या मिनिटाच्या शेवटी अलगद समेवर यायची.

बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. "सुंदर झालंय रे. पण फोनसाठी नमनालाच घडाभर तेल कशाला?"

"माणूस थांबलाय म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे," वादक म्हणाला.

त्याचं गणित बरोबर होतं. फक्त तक्रार विभागातल्या मुली तीन मिनिटांत फोन उचलत, हे त्याने विचारलं नव्हतं. म्हणजे धून समेवर येण्याच्या अगदी तोंडावर कोणीतरी "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" असं म्हणायचं. ऐकणाऱ्याला ते तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटू लागलं. धून लाइनवर लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या व्यवस्थापकाने वादकाला बोलावून घेतलं.

"लोक आमच्या मुलींवर ओरडतायत," व्यवस्थापक म्हणाला.

"उशिरा उचलतात म्हणून?"

"लवकर उचलतात म्हणून. परवा एका बाईंनी सांगितलं, 'मला परत थांबव, आत्ता कुठे रंगत आली होती.'"

"मग?"

"मुलीने थांबवलं. त्या बाईंचा फिल्टर गळत होता. पाणी खालच्या मजल्यावर उतरलं. आता खालचे लोक फोन करतायत."

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

"ते अजून कळलेलं नाही. तेही ऐकत बसलेत."

वादकाला मनापासून आनंद झाला. त्याच्यासाठी कोणी घरात पाणी येऊ देईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने भिंतीवरच्या फिल्टरच्या चित्राकडे पाहिलं.

"पुढचं ऐका," व्यवस्थापक म्हणाला. "आमचा फिल्टर ज्यांच्या घरात नाही, तेसुद्धा फोन लावतायत. एक बाई टेबलावर फोन ठेवून भाजी निवडतात. एक निवृत्त मास्तर चुकून लागला म्हणतात, पण रोज चुकतात. ज्यांची खरंच तक्रार आहे त्यांना लाइनच मिळत नाही. ते थेट मालकांना गाठतात आणि मालक मला. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात या खुर्चीत मी नसेन."

"मग करार?"

"तयार आहे. ही धून काढा, दुसरी द्या. माणूस चिडता कामा नये, पण रमताही कामा नये. मिनिटभरात त्याला वाटलं पाहिजे, जाऊ दे, उद्या बघू."

हे काम सोपं असेल असं वादकाला वाटलं. पण चांगलं वाजवायला शिकण्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली होती आणि वाईट वाजवायला कोणी शिकवलं नव्हतं. तो बेसूर सुरुवात करायचा आणि हात आपोआप दुरुस्त करायचे. पहिला प्रयत्न व्यवस्थापकाने दोनदा ऐकला आणि नापास केला. दुसरा ऐकताना त्याने डोळे मिटले, म्हणून तोही नापास झाला. वर्ष संपत आलं होतं आणि सासऱ्यांनी गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवल्याची बातमी बायकोने आणली होती.

शेवटी मेहुणाच मदतीला आला. "भावोजी, एक तार ढिली करा. आणि सम येतेय असं वाटलं की कापा. परत पहिल्यापासून."

वादकाने तसं केलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भीक नको पण कुत्रं आवर," ती म्हणाली. "बंद कर ते, नाहीतर मी माहेरी जाते."

व्यवस्थापकाने दहा सेकंद ऐकून करार पुढे केला. सही करताना वादकाला स्वतःची लाज वाटली. पण लवकरच एका दातांच्या दवाखान्याने आणि एका पार्सल कंपनीने तसंच काहीतरी मागितलं. मेहुणा आता स्वतःला त्याचा मॅनेजर म्हणू लागला होता.

बातमी द्यायला नवराबायको सासऱ्यांच्या घरी गेले. सासऱ्यांनी करार चष्मा लावून वाचला. "शब्द म्हणजे शब्द. दुकानात यायची गरज नाही," ते म्हणाले. पण त्यांचं मन कुठेतरी दुसरीकडेच होतं. समोर टेबलावर त्यांचा फोन होता आणि त्यातून ढिली तार पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती.

"ही फिल्टरवाली कंपनी," ते म्हणाले. "आधी काय वाजवत होते! जेवण झालं की मी रोज लावायचो. शेवट एकदाच मिळाला, पण तो अजून कानात आहे. आता कुणा अडाण्याला धरून आणलंय."

"बाबा, तुमच्याकडे कुठे त्यांचा फिल्टर आहे?" मुलीने विचारलं.

"नाहीये. असं वाजवणारं माणूस आपल्या घरात असतं, तर मी कशाला मुदत घातली असती?"

वादकाने फोनचा आवाज कमी केला. "बाबा, ते मीच वाजवलं होतं."

सासऱ्यांनी फोनकडे बोट केलं. "आणि हे?"

"हेही."

"चांगलं येत असून मुद्दाम वाईट?"

"तसंच हवं होतं त्यांना."

"तडा गेलेली फरशी मी आजवर कुणाला विकली नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "मागितली तरी नाही. मग जावईबापू, तुम्हाला माझ्या दुकानात नक्की कशाचा कमीपणा वाटत होता?"

सासऱ्यांनी फोन बंद केला आणि करार घडी घालून परत दिला.

"दुकानाच्या फोनला पहिल्यासारखं काही लावता येतं का?"

"येतं," जावई म्हणाला. "पण ते शेवटपर्यंत वाजायचं तर चार मिनिटं फोन उचलता येणार नाही. गिऱ्हाईक जाईल."

इतक्या वर्षांत ज्यांनी दुसरी रिंग वाजू दिली नव्हती, त्या सासऱ्यांनी थोडा विचार केला.

"नाही उचलणार," ते म्हणाले.