बिनधान्याचं घावन

आमच्याकडे खोली घ्यायला कुणाचा फोन आला की समुद्र किती जवळ आहे हे सांगायच्या आधी मी एक गोष्ट सांगून टाकते. आमचे आचारी ओरडतात. लोकांना वाटतं मी गंमत करतेय. मग ते येतात, त्यांच्यावर ओरडलं जातं, आणि परत गेल्यावर ते लिहितात, ‘निसर्ग छान, जेवण अप्रतिम, काका फार रागीट.’ यावर मी काय उत्तर लिहू? तीन वर्षं झाली, मी ‘धन्यवाद’ एवढंच लिहिते.

या रागीट काकांचं नाव जनार्दन. अख्खं दिवेआगर त्यांना जनूकाका म्हणतं. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी. वादळात त्यांच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, नारळ मात्र बरेच टिकले. माणगावच्या पलीकडे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ते एकतीस वर्षं मुख्य आचारी होते. निवृत्त होऊन घरी आले आणि काही वर्षांनी काकू गेल्या. त्यानंतर महिनाभरात एका सकाळी ते आमच्या मागच्या दारात उभे राहिले. मी पाहुण्यांसाठी पोहे परतत होते. त्यांनी कढईत बघितलं, “हे पोहे हायत का भुसा?” असं विचारलं आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. तो त्यांनी अजून परत दिलेला नाही. मी त्यांना कामावर ठेवलं असं गावात सगळे म्हणतात. ठेवलं कुणी? ते आले आणि राहिले.

कँटीन सुटलं तरी त्यांच्या डोक्यातली पाळी सुटली नाही. सकाळी बरोबर साडेसातला ते पातेल्याच्या झाकणावर डाव आपटतात. मुंबईहून चार तास गाडी हाकत आलेली माणसं अंथरुणात दचकून उठतात. आठ वाजेपर्यंत जो पानावर बसला नाही त्याला नाश्ता नाही. मी चोरून देते, ते पकडतात, मग आमचं भांडण होतं आणि पाहुणे ते बघत खातात.

प्रमाण हा दुसरा ताप. चार माणसांचं जेवण काकांना करताच येत नाही. चार जणांना मोदक सांगितले तर पंचेचाळीस होतात. मी बोलले की उत्तर ठरलेलं, “चारशे मानूस जेवलंय ह्या हातचं.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या चारशेही जणांचा मला वैयक्तिक राग आहे. आणि कुणी पानात काही टाकलं तर संपलंच. एका तरुणाने ‘डाएट’ म्हणून भात बाजूला सारला, तर काका ताट घेऊन त्याच्या गाडीपर्यंत गेले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, भात न्हाय तर जेवान न्हाय, बाकी सगळं नुसतं तोंड हलवनं.

मी काही शांत बाई नाही. माझा नवरा सुधीर म्हणतो, या घरात गॅसच्या शेगड्या दोन आणि स्वतःहून पेटणाऱ्या आणखी दोन. तो माणगावला नोकरी करतो, सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि मधल्या वेळात काय झालं ते विचारत नाही. शहाणा आहे.

तर या जानेवारीत माझ्या भाचीचा, मुक्ताचा, पनवेलहून फोन आला. तिची आई म्हणजे माझी मोठी बहीण शैलाताई. ताई साठ वर्षांची होणार होती. आदल्या वर्षी तिची साखर इतकी वाढली की डोळ्यात रक्त उतरलं. जन्मभर शाळेत शिकवलेली आणि पुस्तकाशिवाय न झोपणारी बाई, तिला अक्षरं दिसेनाशी झाली. डोळ्यात इंजेक्शनं झाली, नजर थोडी परत आली. डॉक्टरांनी बजावलं की साखर पुन्हा चढली तर उरलेली नजरही जाईल. म्हणून आठ महिने तिचं धान्य बंद, पीठ बंद, गोड बंद. ती तक्रार करत नव्हती, पण एकदा फोनवर घावनाचा विषय निघाला आणि रडायला लागली. आमची आई घावन करायची, तांदळाच्या पिठाचं, जाळीदार, नारळाच्या रसाबरोबर.

मुक्ताचं म्हणणं असं की वाढदिवसाच्या रविवारी अकरा वाजता आमच्याकडे ‘ब्रंच’ करायचा, आणि त्यात क्रेप करायचे. क्रेप म्हणजे परदेशी घावन. धान्य नाही, मैदा नाही, फक्त अंडी, सुक्या खोबऱ्याची पूड, नारळाचं दूध, आणि बांधणीला थोडं इसबगोल. वर थोडी फळं. तिने व्हिडिओ पाठवला, इसबगोलाचा डबा पाठवला, सुधीरने माणगावहून अडीच डझन अंडी आणली.

मी काकांना सांगितलं आणि दोन दिवस घरात धूर निघाला. पहिला राग अकरा वाजण्यावर. अकरा म्हणजे न्याहारी न्हाय, जेवान न्हाय, ही कुठली पाळी? दुसरा राग व्हिडिओवर. फोन हातभर लांब धरून त्यांनी तो पाहिला आणि परत देत म्हणाले, ही बाय बोलतेच हाय, करते कधी? तिसरा इसबगोलावर. पोट साफ करायचं औषध घावनात घालायचं आणि ते वाढदिवसाला वाढायचं, हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मासेवालीलाही सांगितलं.

शुक्रवारी दुपारी मी दोरीवर चादरी घालत होते. काका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चौकशी सुरू केली. तांदूळ नको? नको. गहू? नको. नाचणी, ज्वारी? काहीच नको, म्हटलं ना. मग त्यांचा चेहरा उजळला. “मंग सरळ उपास सांग की, सूनबाय. येवढा वेळ इंग्रजीत काय सांगतेस?”

माझ्या तोंडात चादरीचे चिमटे होते, वारा सुटला होता, आणि दोन दिवसांच्या वादाने माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, हो, तसंच समजा. हे तीन शब्द माझे आहेत. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

रविवारी ताई आली. वाळली होती, पण गुलबक्षी साडी नेसून आली होती. अंगणात टेबल मांडलं, पपई, पेरू आणि मुक्ताने आणलेल्या स्ट्रॉबेऱ्या कापून ठेवल्या. बरोबर अकराला झाकणावर डाव वाजला आणि काका ताट घेऊन आले. घावनं फार देखणी होती. पांढरीशुभ्र, जाळीदार, कडेला कुरकुरीत. ताईने एक तुकडा तोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. म्हणाली, नीता, आईच्या हातची चव गं. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. काका बाजूला उभे. त्यांनी न विचारता तिसरं वाढलं आणि वाटीतून बटाट्याची भाजी घातली.

बटाट्याची भाजी बघून मुक्ताचा हात थांबला. तिने विचारलं, काका, घावन कशाचं आहे? काका अभिमानाने म्हणाले, वरी आणि साबुदाना, रात्री भिजवून पहाटे वाटला. एक दाना धान्य न्हाय. तिने अंड्यांचं विचारलं, तर काकांना हसू आलं. उपासाच्या ताटात अंडं घालतात व्हय?

मुक्ताने आईपुढचं ताट ओढून घेतलं. ताई लहान मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली. मग उठली, आणि त्या दोघी साखर उतरवायला भर उन्हात समुद्राकडे चालायला गेल्या. वाढदिवसाची बाई, नव्या साडीत, वाळूतून पाय ओढत.

मी स्वयंपाकघरात शिरले. अडीच डझन अंडी तशीच कोपऱ्यात होती. पुढे मी जे बोलले ते रागातही कुणाला बोलू नये. मी म्हटलं, चारशे माणसं जेवली म्हणता, एका माणसाचं ऐकता येत नाही तुम्हाला? साबुदाणा म्हणजे काय वाटलं तुम्हाला? नुसती साखर आहे ती. वरी म्हणजे भातच. तिचे डोळे जायची वेळ आहे, आणि तुम्ही तिला वाढून वाढून विष घातलंत. माझ्या स्वतःच्या तीन शब्दांची आठवण मला होती, म्हणूनच मी जास्त ओरडत होते.

मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत थांबले. काका तव्यावरचं घावन उलटायचं विसरले होते आणि ते करपत होतं.

“वरी पन?” त्यांनी विचारलं.

वरी पण, मी म्हटलं.

“बटाटा?”

बटाटा तर पहिला.

“रताळं, सूनबाय? रताळं चालतंय ना?”

मी म्हटलं, नाही चालत. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले. एवढा उंच माणूस खाली बसलेला मी कधी पाहिला नव्हता. काकू साखरेने गेल्या हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पायाची जखम भरेना, मग पाय काढला, मग त्या गेल्या. पण त्या घरात काय शिजत होतं ते कुणाला ठाऊक असणार?

काका जमिनीकडे बघत बोलत राहिले. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं की भात-भाकरी सोडा, आणि बाकीचं सगळं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी वाचला नाही. एकतीस वर्षं ज्याने जेवण केलं त्याला कागद काय शिकवणार? भात बंद, भाकरी बंद, म्हणजे उपास. सव्वा वर्ष त्यांनी काकूंना उपासाचं करून घातलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात, संध्याकाळी रताळं. एक दिवस चुकवला नाही. स्वतःसाठीही वेगळं केलं नाही, तेच खाल्लं, म्हणजे तिला एकटं वाटू नये.

“ती म्हनायची, पुरे आता, जात न्हाय. मी वरडायचो तिच्यावर. वरडून खायला लावायचो. म्हनायचो, खाल्लं न्हाय तर बरी कशी व्हशील?” मग म्हणाले, “शेवटाला हसून म्हनाली, येवढे उपास घडलेत माझ्याकडनं, देव दारातच उभा आसंल.”

मी आयुष्यात तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून नाव मिळवलंय. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि खोटं बोलले. म्हटलं, काका, तेवढ्याने काही होत नसतं, काकूंचा आजार आधीच पुढे गेला होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “आत्ता तर तू विष म्हनालीस.” त्यात राग नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा राग हवा होता. मी माफी मागितली, शुक्रवारचे माझे तीन शब्द सांगितले, ताईच्या बाबतीतली चूक माझी आहे म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ते ताईचा विचार करत नव्हते.

बऱ्याच वेळाने ते ओट्याला धरून उठले. ताई परत येईल तेव्हा तिच्यासाठी काहीतरी खायचं असायला हवं, म्हणाले. मला व्हिडिओ लावायला सांगितला. या वेळी तो त्यांनी तीनदा पाहिला, त्या बाईला एकदाही नावं न ठेवता. मग प्रत्येक वस्तू हातात धरून मला विचारायला लागले. अंडं चालतं? चालतं. नारळाचं दूध? चालतं. सुकं खोबरं? चालतं. पेरू? थोडा. इसबगोलाच्या डब्यावरचं बारीक अक्षर त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

पहिलं घावन फाटलं, दुसरं फाटलं. तिसऱ्याला त्यांनी गॅस अगदी बारीक केला, झाकण ठेवलं आणि ते कडेने सुटेपर्यंत वाट पाहिली. पातळ, पिवळसर घावन अख्खं निघालं. त्यांनी ते ताटलीत घेतलं, पेरूच्या चार फोडी ठेवल्या आणि एक तुकडा मोडून स्वतः चाखला. मी विचारलं, कसं झालंय?

त्यांनी सावकाश गिळलं. खिडकीतून समोर त्यांची वाडी दिसत होती, आणि तिच्या कडेने हिंडणाऱ्या त्यांच्या कोंबड्या.

“चांगलं लागतंय,” ते म्हणाले. “तिला आवडलं आसतं. आन घरचंच व्हतं की गं सगळं. नारळ घरचे, अंडी घरची. पेरू तर तिनंच लावलेला हाय.”