डोळे न काढणारा चित्रकार

हरतालिकेच्या सकाळी बाबाजी अंगणातल्या शेवाळावरून घसरला आणि उजवा हात मोडून बसला. एरवी गावाने दोन दिवस हळहळ करून विषय सोडला असता. पण बाबाजीच्या कारखान्यात बेचाळीस गणपती रंगून तयार होते आणि एकालाही डोळे नव्हते. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती बाबाजीनेच करायची. बापाकडून मुलाकडे आलेलं काम, असा गावचा शिरस्ता. आखणी न झालेला गणपती कुणी घरी नेत नाही, आणि चतुर्थी तर उद्यावर आली होती.

"तोंडं कसली पाडताय?" गावातली म्हातारी तुळसा जमलेल्यांना म्हणाली. "आमचा धाकू हाय की."

धाकू म्हणजे तुळसाचा धाकटा भाऊ, वय वर्षं सत्तर. साधासुधा नव्हे, बंडखोर चित्रकार. मुंबईच्या कला महाविद्यालयात भर परीक्षेतून उठून गेलेला आणि त्यानंतर आयुष्यभर फक्त बिनडोळ्यांची माणसं रंगवत आलेला. 'ज्या समाजाला बघायचंच नाही, त्याला डोळे कशाला?' असं तो एकदा म्हणाला होता आणि त्या एका वाक्यावर दोघांनी पीएच.डी. मिळवली होती. म्हातारपणी तो गावी परतला, रिकाम्या गोठ्यात चित्रं मांडून बसला आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळीसाठी घासाघीस करू लागला. गावाला त्याचा अभिमान होता. चित्रं कळत नव्हती, पण अभिमानाला कुठे ती अट असते?

"मी डोळे काढत नाही," धाकूने दारातच सांगितलं. "तत्त्व आहे माझं."

"मानसांचे नको काढू. देवाला कशाला तुझी तत्त्वं?"

"देवावर माझा विश्वास नाही, आक्का."

"तुझा इश्वास कोन मागतंय? हात पायजे."

बंडखोर माणूस सरकारशी भांडू शकतो. मोठ्या बहिणीशी भांडायची सोय कुठल्याच चळवळीत नाही. धाकूने मग सबबी काढल्या. शांतता लागते म्हणाला, मंडळाने स्पीकर बंद केला. उजेड लागतो म्हणाला, पोरांनी सगळे गणपती पडवीत आणून मांडले. शेवटी म्हणाला, कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही. तुळसाने दोन लुगडी बांधून पडवीला पडदा केला. आता धाकूकडे सबब उरली नाही.

तोवर बातमी शेजारच्या वाडीत पोचली. एवढा मोठा चित्रकार डोळे काढतोय म्हटल्यावर लोक आखणी झालेले गणपतीही घेऊन आले आणि "जरा परत काढून द्या" म्हणाले. बेचाळिसाचे एकसष्ट झाले. मोबाइलवर बातम्या देणारा विनेश अलिबागहून मोटारसायकल हाणत आला. 'बंडखोराची शरणागती?' हा मथळा त्याने वाटेतच तयार केला होता.

पडद्याआड तिघंच होती. गळ्यात हात अडकवलेला बाबाजी, काळा रंग घोटणारी त्याची मुलगी हेमांगी, आणि धाकू. धाकूने कुंचला उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"बाबाजी," तो हळूच म्हणाला, "मला डोळं येत न्हायत."

"म्हंजे?"

"येतच न्हायत. एक म्हशीचा व्हतो, दुसरा मुंगीचा. परीक्षेतून त्यापायीच उठलो. लोक म्हनाले, बंड केलं. मी म्हटलं, बरं."

बाबाजीने पडद्याकडे बघून घेतलं. मग त्याने मान हलवली. "मला तरी कुठं दिसतंय? मोतीबिंदू हाय. चार वरसं झाली, ही पोरगीच आखते."

"मग आज का नाही आखलंस गं?" धाकूने हेमांगीला विचारलं.

"बाबा पडले ते सगळ्यांनी बघितलं ना, काका," हेमांगी म्हणाली. "मग कुनी काढले विचारतील. पोरीच्या हातचा गणपती गाव घेईल का, म्हनून बाबा घाबरतात."

"ऐक धाकू," बाबाजी म्हणाला. "नाव तुझं, हात तिचा. तू नुसता बस."

धाकू सुटकेचा श्वास टाकून बसला. हेमांगीने करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, श्वास रोखला आणि कुंचला फिरवला. दुसरा डोळा पुरा झाला आणि गणपती धाकूकडे बघू लागला. असे एकामागून एक साठ गणपती त्याच्याकडे बघू लागले. आयुष्यात त्याला कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता, तो आज वाटला, आणि हेव्याहून जास्त लाज वाटली. ही पोर इतकं सुंदर काम लपून करते, आणि आपण न येणाऱ्या कामावर नाव कमावलं.

शेवटचा गणपती तुळसाचा होता. हेमांगीने त्याच्या गालावर करंगळी टेकवली, तेव्हा धाकूने विचारलं, "सांगू का गं?"

बाबाजी "नको नको" म्हणत होता. हेमांगी कुंचला न थांबवता म्हणाली, "सांगा."

दुसरा डोळा पुरा झाला तशी धाकूने पडद्याची लुगडी ओढली. "डोळे हिने काढलेत," तो म्हणाला. "चार वर्षं हीच काढतेय. मला येत नाहीत."

तुळसा पुढे आली. तिने आपला गणपती डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

"तरीच," ती म्हणाली. "मी म्हनते, म्हातारपनी बाबाजीचा हात सुधारला कसा?" तिने गणपतीच्या पाटाला हात घातला, तशी बाकीच्यांचीही आपापल्या गणपतीसाठी झुंबड उडाली.

धाकूच्या कबुलीवर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही. विनेशची बातमी आली: 'बंडखोर चित्रकाराचं नवं बंड, कुंचला दिला मुलीच्या हाती.' धाकूने त्याला फोन केला. "अरे, मला खरंच येत नाहीत."

"काय हा विनय, सर," विनेश गहिवरून म्हणाला आणि त्याने तेही बातमीत घातलं.

विसर्जन आटोपल्यावर धाकू कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन हेमांगीकडे गेला. तिने त्याला शंभर उजवे डोळे काढून आणायला सांगितले. आठवड्याने त्याने आणले. एकेक कागद बघून ती बाजूला ठेवत गेली, आणि तो मांडी घालून गुपचूप बसून राहिला. त्र्याण्णवाव्या कागदावर ती थांबली.

"हा बघतोय," ती म्हणाली.

धाकूने त्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मग डावा कधी शिकवशील?"

"आधी असे आनखी धा आना, काका."

"आणतो, बाई," धाकू म्हणाला आणि उरलेले कागद गोळा करू लागला.