गजभियेंची वरात

शिट्टी मारल्याशिवाय गजभिये कुठलंच काम सुरू करत नसत. मालगाडीचे गार्ड, तेव्हा ड्युटीवर शिट्टी ठीक आहे. पण जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत ते स्कूटरला किक मारण्याआधीही शिट्टी मारत. सुमनवहिनींनी भाजी आणायला सांगितली की म्हणत, "सिग्नल नाही." वहिनीही त्यांच्यासारख्या नागपूरच्याच. त्या मुकाट्याने हातात पिशवी देत आणि सिग्नल पडे.

असा माणूस सिनेमा काढतोय हे ऐकून मी पोट धरून हसलो. मग त्यांनी मलाच कामाला लावलं.

त्याचं असं झालं. जगतपुऱ्याच्या पुढे भंवरलालजी नावाचे एक म्हातारे राहत. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केला आणि हातपाय थकल्यावर स्वतःच्या पडीक शेतात एक अख्खी वरात उभी केली. सिमेंट आणि फुटक्या कपबश्यांची, खऱ्या मापाची. हत्ती, घोडे, बँडवाले, साफे म्हणजे फेटे बांधलेले वऱ्हाडी, एक रुसलेले फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमानसुद्धा. कोणाकडे शिकलात म्हणून विचारलं तर म्हणत, बस, हाथ चल गया.

आता त्यांच्या मुलांनी ते शेत विकलं होतं. पावसाळ्याआधी तिथे प्लॉट पडायचे होते, म्हणजे हत्तींसकट सगळं सपाट. भंवरलालजी त्यावर चकार शब्द काढत नसत. झोप उडाली ती गजभियेंची. त्यांनी एका कबाड्याकडून चावी देऊन चालणारा जुना कॅमेरा पैदा केला आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"कदमभाऊ, हे राहिलं पाहिजे जी," म्हणाले.

माझ्याकडे शेळ्या हाकलायचं खातं आलं. त्या नेमक्या शॉटच्या वेळी हत्तीच्या पायाला अंग घासायला येत. ढग आला की गजभिये म्हणत, सिग्नल नाही, आणि आम्ही सगळे, शेळ्यांसकट, उन्हाची वाट बघत बसायचो. फिल्म महाग आणि दुर्मिळ, म्हणून आधी रिकाम्या कॅमेऱ्याने तालीम चाले. एकदा तालीमच इतकी झकास झाली की एकमेकांचं अभिनंदन करून आम्ही घरी आलो. फिल्मची आठवण झाली ती जेवताना.

शेवटचं रीळ संपलं त्याच आठवड्यात शेतात बुलडोझर फिरला.

रिळं मुंबईहून धुऊन आली. गजभियेंच्या अंगणात दिवेलागणीला चादर बांधली, कुठून तरी प्रोजेक्टर आणला. प्रेक्षक तीन: भंवरलालजी, वहिनी आणि मी.

पहिल्यांदा हत्तीची पाठ दिसली. मग घोड्यांच्या शेपट्या. मग बँडवाल्यांच्या पाठी, मग साफ्यांचे मागे लोंबणारे शेमले. मी म्हटलं, आता तोंडं येतील. कसली येतायत! शेवटपर्यंत अख्खी वरात पाठमोरी.

मी शेळ्यांच्या मागे होतो, त्यामुळे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. एवढे दिवस उन्हात तापलो ते काय हत्तीची शेपटी बघायला?

"अहो गजभिये, तोंडं कुठायत?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चाचरत म्हणाले की आपण रोज उभे राहिलो ते शेवटच्या माणसाच्या मागे. गार्डची जागा तीच. पुढे जायचं सुचलंच नाही. आणि आता पुन्हा काढायला शेतात काही उरलं नव्हतं. मला बोलल्याचं फार वाईट वाटलं. वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

भंवरलालजी चादरीवरची नजर न काढता म्हणाले, "आते हुए तो रोज देखता था, गार्डसाब. जाते हुए आज देखे." मग डोळे पुसून त्यांनी रीळ पुन्हा लावायला सांगितलं.

गजभियेंनी ते लावलं आणि आमच्या बाजेवर, मध्ये जागा करून बसले. 

"कदमभाऊ, मालगाडीच्या मागच्या डब्यात मी एकटाच असतो. कुठे मोर दिसला, कुठे डोंगरावर ऊन पडलं, की तोंडातून निघतेच, हे पाहा जी. मागं वळून पाहतो तर डब्यात कोणी नसते."

चादरीवर हत्ती डुलत चालल्यासारखा वाटत होता. गजभियेंनी त्याच्याकडे बोट केलं.

"हे पाहा जी," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी पाहिलं.