दीक्षाचा दिवा आणि माझं गोणपाट

नाजूक वस्तू जपावी तर मीच! तेराव्या वर्षापासून भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, सुताच्या कांड्या भरत आले. केसासारखं सूत या बोटांखालून गेलं. तुटलं असेल तर शपथ! म्हणून नात दीक्षा काचेचा तो इवलासा तुकडा घेऊन आली, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "ठेव इथं. तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांपेक्षा चांगला सांभाळते."

तुकडा नखाएवढा, पण वायर जोडली की पोपटी उजेड! त्याला पेरोव्स्काइटचा एलईडी म्हणतात. नाव पाठ करायला मला एक अख्खी दुपार लागली. दुपारींना माझ्याकडे तोटा नाही.

"आजी, आम्ही याला नवं अस्तर लावलंय," दीक्षा म्हणाली. "त्यामुळे वीज कमी वाया जाते, उजेड जास्त पडतो. पण साध्या घरात हे किती दिवस टिकतं, ते बघायचंय. या डब्यावर उजेडाचा आकडा दिसतो. आज शंभर. रोज सात वाजता मी फोन करीन, तू आकडा सांग. बाकी काही करायचं नाही!"

रोज फोन! एरवी हिचा फोन महिन्यातून एकदा, तोही रिक्षात बसल्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी ब्याण्णव!

"पन्नासच्या खाली गेला की प्रयोग संपला," दीक्षा म्हणाली.

"आणि फोन?"

"कसला फोन?"

म्हणजे दिवा विझला की फोनही बंद! शेजारची जाईबाई दिव्याकडे बघून म्हणाली, "कोमेजलाय गं हा. काय खायला घालतेस का न्हाय?"

तेव्हा मला लूम आठवली. एप्रिलात सूत कोरडं पडून तटातट तुटायला लागलं की दीक्षाचे आजोबा त्यावर ओलं गोणपाट टाकायचे. सूत पुन्हा लोण्यासारखं! मी लगेच गोणपाट भिजवलं, पिळलं आणि दिव्याला बाळंतिणीसारखं गुंडाळलं.

संध्याकाळी आकडा एकोणचाळीस! ओल कमी पडली म्हणायची! मी आणखी एक तांब्या ओतला.

सातला फोन वाजला. "आजी, आकडा?"

"पंच्याण्णव!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"वाढला?" दीक्षा वीस मिनिटं बोलली. माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली! दुसऱ्या दिवशी मी एकशे दहा सांगितला. तिसऱ्या दिवशी थेट एकशे चाळीस!

पलीकडे किंकाळी. "आजी, असं जगात कुठे झालं नसेल! रविवारी सरांना घेऊन येते!"

रविवारी मी बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. रवींद्र सर आले, "जय भीम" म्हणाले आणि बूट काढून तडक दिव्याकडे गेले. गोणपाट उचललं. पाण्याची धार त्यांच्या पायमोज्यावर! खाली तुकडा दह्यासारखा पांढरा, आकडा शून्य.

"हे काय आहे?"

"गोणपाट."

"आजी! याला ओल म्हणजे विष गं!" दीक्षा ओरडली.

"तू सांगितलंस कुठे?"

"मग एकशे चाळीस कुठून आलं?"

मी भाकरीचं टोपलं नीट केलं. "खरं सांगितलं असतं तर तू फोन केला असतास?"

सरांनी चौथी भाकरी मागून घेतली.

जाताना त्यांनी आणखी जाड अस्तराचा नवा तुकडा लावला. शेजारी एक यंत्रही बसवलं. ते आकडा आपोआप कॉलेजात पाठवतं. "आता तुम्हाला काहीच त्रास नाही, आजी!" सर म्हणाले.

"तरी मी रोज फोन करीन हं," दीक्षा म्हणाली. केला ना, चार दिवस केला. मग परीक्षा आली.

तीन आठवडे झाले. दिवा अजून चौऱ्याण्णववर. अस्तर खरंच उत्तम आहे.

काल झाडताना त्या यंत्राची पिन माझ्या हातून निघाली. चुकूनच! चार मिनिटांत फोन!

"आजी, आकडा येत नाही. लाईट गेली काय?"

"गेली ना गं," मी डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे बघत म्हटलं, "भिवंडीचं तुला ठाऊकच आहे. येईपर्यंत बोल."