पेंग्विनवाले सुदामभाऊ

सुदामभाऊंच्या घरात शिरण्याआधी पेंग्विन ऐकावा लागतो.

"वाका, राव," ते आतून सांगतात. "पेंग्विनबी वाकूनच शिरतो. तुमाला वाटतं समदे बर्फावर राहत्यात. न्हाई. काही जाती चोचीनं, पायानं जमीन उकरून बीळ करत्यात. ऊन लागत न्हाई, वरनं कुणी झडप घालत न्हाई."

कासारवाडीतलं त्यांचं घर रस्त्याच्या तीन पायऱ्या खाली आहे. घर खोल बांधलेलं नाही, रस्ता चढला. जुना थर खरवडायचा नाही, त्यावरच नवा ओतायचा, बिल काढायचं. याला इथे विकास म्हणतात. भाऊंची मात्र तक्रार नव्हती. चाकणला वेल्डर, बायको वारलेली, मोबाइलवर पेंग्विन बघणं, एवढा एकच छंद. "अंडी दोघं उबवत्यात," ते चहा ओतताना सांगायचे. "एक बिळात, एक समुद्रावर. मंग रिलीव्हर येतो. शिफ्टच हाय, फक्त ओव्हरटाइम न्हाई."

यंदा पेंग्विन जरा जास्तच झाले, कारण मोशीला दिलेली मुलगी, सविता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. भाऊंनी भिंतींना चुना दिला, दारात विटांचा बांध घातला. म्हणाले, "नरबी आधी येऊन बीळ साफ करतो."

तेवढ्यात आम्ही वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी रस्त्याविरुद्ध पत्रक काढलं. मजकूर माझा: 'माणसं बिळात, ठेकेदार बंगल्यात.' खाली भाऊंच्या दाराचा फोटो. त्यांना विचारलंही नाही. शब्द त्यांचाच, खूशच होतील, असं मी धरून चाललो. पत्रक मोबाइलवरून मोशीला पोचलं. सविताच्या सासूबाईंनी कळवलं: बिळात बाळंतपण नको, इथेच करू.

मी गेलो तेव्हा भाऊ डिंक तळत होते. माझी माफी त्यांनी पुरी होऊ दिली नाही.

"बरोबर हाय त्यांचं. पावसात पाणी शिरतंच. पेंग्विनच्या बिळातबी शिरतं, पिल्लं भिजून गारठून मरत्यात. तेवढं मी कुणाला सांगत नव्हतो."

लाडू वळून त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "बाळ झालं की लागतील. तुमीच द्या. मी गेलो तर पोरीला सासूम्होरं खाली बघावं लागंल."

मोशीत दार सासूबाईंनी उघडलं. "कोण आपण?"

महापालिकेच्या दारात माझा आवाज चौकापर्यंत जातो. इथे तो मी उंबऱ्यापुरताच ठेवला. डबा पुढे करून, त्यांच्या चपलांकडे बघत मी म्हणालो, "सविताच्या माहेरून आलोय."