भोईरकाकांच्या खिशातले लिंबू

नायगावच्या आमच्या इमारतीत लिफ्टचे दार उघडताच लिंबाचा तरतरीत वास आला, की समजावे, भोईरकाका नुकतेच फरशी पाहायला बाहेर पडले आहेत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात अर्धे लिंबू असते. दुकानात शिरले, की ते चप्पल काढून पायाचा अंगठा नमुन्यावर घासतात आणि मग लिंबू पिळतात. "डोल्यांवर इस्वास ठेवायचा नाय," ते बजावतात, "आंगठ्याला इचारा."

डोळ्यांनी त्यांचा घात केला होता, हे खरेच. खाडीकाठचे घर सोडून ते तिसऱ्या मजल्यावर आले, तेव्हा आरशासारखी चकचकीत पांढरी फरशी त्यांनीच हट्टाने निवडली. वर्षभरापूर्वी तिच्यावरून मंजुळाकाकू घसरल्या. खुब्याचे हाड सांधले, डॉक्टरांनी चालायला सांगितले. पण काकूंनी त्यानंतर खोलीचा उंबरा ओलांडला नाही. "ती फरशी माझ्याकडं बगून हसते," त्या म्हणत.

यावर कोणी काय करावे? काकांनी मासे पाळले. काचेच्या टाकीत, हॉलच्या पार टोकाला, खिडकीपाशी.

मला खिडकीच्या कट्ट्यासाठी दगड हवा होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर माणिकपूरला गेले.

"रूम केवढी, काका?" दुकानदाराने विचारले.

"दोन फूट बाय एक."

"बाथरूम?"

"हॉल. सात जनं रातात."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. "मासे," मी खुलासा केला.

त्याने एक काळीभोर लादी पुढे केली. "घ्या, अस्सल पाटीचा दगड." काकांनी लिंबू पिळले. थेंबाभोवती बारीक बुडबुडे फसफसले.

"अहो, फरशी आहे ती, कोशिंबीर नाही!"

"कडप्पा हाय हा. चुन्याचा. पान्यात झिजंल, माशे मरतील. पाटीचा दगड लिंबाला भीत नाय."

मग मागच्या थप्पीतून खरी लादी निघाली. करडी, कोरडी, बोटांना शाळेच्या पहिल्या पाटीची आठवण देणारी. तिच्यावरून ओला हात फिरवताच ओहोटीच्या चिखलातला निळसर काळेपणा वर आला. काकांच्या अंगठ्याने संमती दिली.

"दोन पुरतील," दुकानदार म्हणाला.

"बेचालीस द्या."

काका घरात तलाव बांधणार अशी वदंता उठली. सोसायटीचे सेक्रेटरी स्लॅबच्या काळजीने दोनदा येऊन गेले. काकांनी दोन लाद्या टाकीच्या तळाशी बसवल्या आणि बाकीच्या पलंगाखाली लोटल्या. रोज सकाळी ते कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून लादी चाचपत. तिच्यावर शेवाळ धरू लागले, तेव्हा ते खाणारे दोन मासे खास आणले. ते आळसावले, की काचेवर टिचकी बसे: "फुकट रातां काय रं? घासा!"

"मासे घसरतील अशी भीती वाटते का, काका?" मी एकदा चेष्टेने विचारले.

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "माशे कशाला घसरतील? पान्यात राहून पन जी घसरवत नाय, ती खरी फरशी. परीक्षा चाललीय तिची."

दीड महिन्याने परीक्षा संपली. दोन दिवस ठोकाठोक झाली, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी झाल्या आणि तिसऱ्या दुपारी काकांनी मला बोलावले. पांढरी फरशी फोडून त्यांनी काकूंच्या उंबऱ्यापासून टाकीपर्यंत करड्या लाद्यांची एक वाट बसवली होती.

काकू वॉकर धरून दारात उभ्या होत्या. "माशे हितूनच दिसतात."

"हितून शेपट्या दिसतात. तोंडं बगायला यावं लागंल."

"आनि घसरले तर?"

"आंगठ्याला इचार."

काकूंनी चप्पल काढली. अंगठा लादीवर टेकवला, पुढे सरकवला, मागे घेतला.

"खरखरीत हाय," त्या अखेर म्हणाल्या, "तुमच्या दाढीवानी."

आणि त्यांनी वॉकर उंबऱ्याबाहेर टेकला.

वाट अगदी वॉकरपुरतीच रुंद होती. काका शेजारून चालले होते, काकूंच्या कोपराखाली हात धरून, पण त्याला स्पर्श न करता. स्वतः मात्र गुळगुळीत पांढऱ्या फरशीवरून, अनवाणी, पायांचे अंगठे घट्ट आवळून.