मोठ्या टाकीला जोडा

सोपानमामांच्या घरात पोपटाची वाटी दोनशे लिटरच्या पिंपाला जोडलेली होती. पोपट प्यायला की नळीतून तेवढंच पाणी वाटीत उतरायचं. "चार घोट पिणाऱ्या पाखराला एवढं पिंप कशाला?" असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "बाई, तहान चारच घोटांची हाय त्याची. पर भरोसा पिंपाचा पायजे."

मामा वसमतच्या नगरपालिकेत वॉलमन होते. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालायची, गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. सगळं आयुष्य पाण्याच्या उंच टाकीच्या सावलीत गेलेलं. निवृत्त झाल्यावर चावी ऑफिसात जमा झाली, सवय जमा झाली नाही. "मोठ्या टाकीला जोडा" हे त्यांचं कुठल्याही दुखण्यावरचं औषध. भिंतीवरच्या घड्याळाचा बारका सेल लवकर संपतो म्हणून त्यांनी तारा लावून त्याला बॅटरीचा जाड सेल जोडला होता. घड्याळ वेळ चुकीची दाखवायचं, पण थांबायचं नाही. समोरचा पोरगा गणितात नापास झाला तर त्याला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आले. "बाई, ह्याला मोठ्या टाकीला जोडा."

मी त्यांच्या शेजारी राहते, शाळेत शिकवते. सकाळची कामं उरकली की दुपारची, दुपारची उरकली की संध्याकाळची. पण मामांच्या ओट्यापाशी माझे पाय अडत. ते भिंतीला टेकून डोळे मिटत आणि जमिनीखालचं पाणी सांगत. "सुटलं बगा. आता देवळाखालून चाललंय. आता किराणा दुकानाशी वळलं. तिथं जरासं दम खाऊन राहिलं." मी हातात भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी. वर ऊन, गाढवं, सायकली, आणि खाली अंधारातून कुणी पाहुणा एकेका घराचं दार हाताने चाचपत निघाला आहे, असं वाटायचं. थोड्या वेळाने माझ्या न्हाणीतला नळ खरोखर खोकायला लागायचा.

सरूमामी, म्हणजे मामांची बायको, ह्या पाण्याला मुळीच भुलत नसत. "तुमच्या मामाला पाणी दिसतं, घरातलं मीठ संपलेलं न्हाई दिसत," असं म्हणायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. भांडायला भरपूर वेळ होता आणि तो ते वाया घालवत नसत.

थंडीत मामींचे हात आखडत. पौषात तर बोटं अशी मिटत की पदर सावरता येत नसे. स्वयंपाक मामा करत. वेणीही तेच घालत. ती दरवेळी डाव्या कानाकडे पळायची. त्या वर्षी दुखणं वाढलं, तेव्हा डोंगरकडा गावाहून मामींच्या भावाचा, दत्तरावांचा, निरोप आला. "रविवारी जीप घेऊन येतो. हात तसेच असतील तर अक्काला इकडंच ठेवून घेतो. घरात सुना हायेत, करतील."

"जाऊ द्या," मामा मला म्हणाले. "मला बी तेवढाच आराम." मग दिवसभरात तीनदा विचारून गेले, "बाई, रविवार कवा हाय?"

मामांच्या फौजेतल्या भाच्याने थंड मुलखातून गॅसचा एक हीटर आणून दिला होता. लहानशी टाकी आणि तिच्यावर तव्याएवढी जाळी. पेटला की जाळी लाल व्हायची आणि भर सकाळी खोलीत संध्याकाळ उतरायची. त्या उबेत मामींची बोटं हळूहळू सुटू लागत. पण टाकी मांजराच्या पिलाएवढी. चार दिवसांत रिकामी झाली. ती वसमतमध्ये कुणी भरून देईना. "मूठ अर्धीच उघडली, बाई," मामा म्हणाले, "आन् गॅस संपला."

पुढचं मला कळलंच. स्वयंपाकघरातली गॅसची मोठी टाकी. मामांनी स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर हलवला आणि पाना घेऊन बसले. मी ओरडले. "मामा, हे पाणी नाही, गॅस आहे!"

"गॅस म्हंजी वाऱ्याचं पाणीच की."

मी शेगडी दुरुस्त करणाऱ्याला गाठून आणलं. त्याने हीटर तपासला, त्याला चालेल असा रेग्युलेटर, पाइप आणि पितळी नट दिला. खिडकी उघडी ठेवा, नट बसवून हाक मारा, मी तपासल्याशिवाय काडी ओढू नका, असं बजावून तो कोपऱ्यावर चहाला गेला.

मामा नट आवळायला बसले. आवळला की नट हातात. पुन्हा आवळला, पुन्हा हातात. पाण्याच्या नळाचे आटे सगळे उजवीकडे आवळतात. मामांचा हात दुसरं काही जाणतच नव्हता. कपाळावर घाम. "आटाच बोगस हाय! कंपनीनं फशिवलं!"

खाटेवरून मामी म्हणाल्या, "उलटं फिरवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काय बी न्हाई कळत. मी म्हनते त्याच्या उलटं करता ना रोज? मंग आज नटाचं बी उलटंच करा की."

मामा भडकले. उलटं फिरवून काही होत नाही हे आता दाखवतोच हिला, म्हणून त्यांनी नट डावीकडे फिरवला. तो सरसर बसला. गॅसचे आटे उलटेच असतात, हे दुरुस्तीवाल्याने चहाहून आल्यावर सांगितलं. त्याने जोडाला साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. मामी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या, खाट हलत होती.

रविवारी सकाळी जीप आली. दत्तरावांना घेऊन मी आत गेले. खोली लाल, खिडकीतून गार वारा, आणि फरशीवर मामा-मामी समोरासमोर. मध्ये पाच गजगे, म्हणजे सागरगोटे. मामी एक गजगा वर उडवत होत्या, खालचा उचलत होत्या, वरचा झेलत होत्या. बोटं अजून सुजरी होती, पण उघडत होती, मिटत होती.

"अक्का, पिशवी भरली का?"

"थांब रे. डाव व्हऊ दे."

मामींच्या हातून गजगा सुटला. मामांची पाळी आली. त्यांनी गजगा उडवला. तो सरळ तळहातावर उतरत होता. मामांनी हात किंचित बाजूला घेतला.

"हुकलं," ते म्हणाले. "घे सरू. तुझाच डाव."

दत्तरावांनी ते दारातून पाहिलं. मग ड्रायव्हरला बाहेर जाऊन काहीतरी सांगून आले, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. "अक्का, ल्हानपणी तू मला कवाच खेळू दिलं न्हाई."

"सरक इकडं," मामी म्हणाल्या. "पर रडायचं न्हाई."

हे त्या भावाला म्हणाल्या होत्या. तोंड फिरवलं ते मामांनी.